मधला कोण?

"गुरू कोण तुमचा?"

प्रणील कुलथेनं हा प्रश्न तिसऱ्यांदा ऐकला आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

"मावशी, मी इंजिनियर आहे. मला महाराजांना भेटायचंय. सरकारी काम आहे."

"सरकार वहीत न्हाई," द्रुपदाबाई म्हणाल्या.

त्या एका चौकटीत बसल्या होत्या. नुसती सागवानी चौकट. तिला दार नव्हतं. दोन्ही बाजूंना भिंतीही नव्हत्या. उघड्या डोंगरावर एक चौकट उभी, आणि पलीकडे दहा पावलांवर पत्र्याच्या शेडखाली निवांतगिरी महाराज बसलेले. अगदी स्पष्ट दिसत होते.

चाळीस वर्षांपूर्वी मठ बांधायला घेतला तेव्हा आधी दार केलं होतं. मग एक साधू आला. काशीहून आलो म्हणाला. कुणी काही विचारलं नाही. तीन दिवस राहिला, चौथ्या दिवशी दार घेऊन गेला.

दारच नाही तर भिंती कशाला, म्हणून भिंती बांधायच्या राहिल्या.

विचारणं मात्र तेव्हापासून सुरू झालं. जो येईल त्यानं सांगायचं, आपण कोण, आपल्याला कुणी शिकवलं, त्याला कुणी शिकवलं. असं करत करत द्रुपदाबाईंच्या वहीतल्या एका नावापाशी पोचायचं. पोचला तर आत. नाही पोचला तर डोंगर उतरायचा.

वहीत अकरा नावं होती.

प्रणीलला डोंगर उतरून चालणार नव्हतं.

जिल्ह्याच्या रक्तपेढीचा सर्व्हर त्याच्या ताब्यात होता. कुठल्या गटाचं रक्त कुठं किती आहे, ते त्यावर दिसायचं. सोमवारपासून नऊ ग्रामीण रुग्णालयांना ते दिसेना. नऊच्या नऊ कॉम्प्युटर एकच ओळ दाखवत होते. समोरच्याची ओळख पटत नाही, संपर्क तोडला. आज शुक्रवार होता.

जिल्ह्याच्या ऑफिसात मात्र सगळं नीट चालत होतं.

म्हणजे सर्व्हर ठीक. म्हणजे प्रणील ठीक. हे त्यानं सोमवारी सकाळीच ठरवून टाकलं होतं.

मग त्यानं नकाशा काढला. नऊही रुग्णालयांची केबल याच डोंगरावरून जात होती. आणि पायथ्याच्या रुग्णालयात बसणारी ऑपरेटर, उज्ज्वला टाकणखार, दर गुरुवारी या मठात यायची.

त्यानं अहवाल लिहिला. 'सर्व्हर आणि रुग्णालये यांच्या मध्ये कुणीतरी बसून खोटी ओळख दाखवत आहे. मध्ये बसलेली व्यक्ती: मठातील साधू. साथीदार: ऑपरेटर टाकणखार.'

पुरावा तेवढा राहिला होता. तो न्यायला तो आला होता.

खाली उज्ज्वलाच्या टेबलावर तिचा जबाब टाइप करून ठेवला होता. पाचच्या आत 'चूक माझी' म्हणून सही केली तर लांबची बदली. नाही केली तर उद्यापासून येऊ नका. हे तिला सकाळी प्रणीलनंच समजावून सांगितलं होतं. शांतपणे, दोनदा.

आता साडेतीन वाजले होते.

"बरं, कॉलेज चालेल?" तो म्हणाला. "पुण्याचं आहे. मोठं आहे."

द्रुपदाबाईंनी बोटाला थुंकी लावून वही उघडली. वरून खाली बोट फिरवलं.

"न्हाई."

"मला बघू द्या."

"लांबून."

त्यानं लांबून पाहिलं. आठव्या ओळीवर थांबला.

"हे. कोंडिबा भालेराव मास्तर. यांच्याच शाळेत होतो मी. ऑफिसात फोटो होता त्यांचा, हार घातलेला. घ्या, आलं नाव. भालेराव मास्तरांचा मी."

"वय किती तुमचं?"

"सत्तावीस."

"मास्तरला जाऊन तीस वर्षं झाली. मंग तुमाला काय फोटोनं शिकवलं का?"

"परंपरा हो. त्यांची परंपरा."

"मधला कोण?"

प्रणीलनं घड्याळ पाहिलं.

"तुमी हाईत. मास्तर हाईत. मधी कोणी तरी असंल की. मधला कोण?"

"मधल्याचं काय करायचंय? वरचं नाव मोठं आहे ना?"

"मोठं नाव कोणीबी घेतं, साहेब. तो दार नेणारा तर थेट शंकराचं घेत होता."

प्रणीलनं चौकटीकडे पाहिलं. मग चौकटीच्या बाजूला पाहिलं. बाजूला नुसतं गवत होतं.

तो गवतातून गेला.

द्रुपदाबाईंनी अडवलं नाही. मान वळवून पाहिलंही नाही.

महाराज तांदूळ निवडत होते. प्रणील त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"नमस्कार. माझे काही प्रश्न आहेत."

महाराजांनी एक खडा काढला, बाजूला ठेवला.

"तुमच्या मठावरून आमची केबल जाते. तिला कोण हात लावतं?"

आणखी एक खडा.

"मी तुमच्याशी बोलतोय."

महाराजांनी मान वर केली. प्रणीलच्या आरपार चौकटीकडे पाहिलं.

"द्रुपदे, कोणी आलं का?"

"न्हाई, म्हाराज."

"मग बोलतंय कोण?"

"वारा असंल."

"केबलचं विचारतोय."

"शुक्रवारचा वारा हाये, म्हाराज. कायबी विचारतो."

"हां," महाराज म्हणाले, आणि तांदळाकडे वळले.

प्रणीलनं खिशातून ओळखपत्र काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. फोटो, शिक्का, रक्तपेढीच्या अधीक्षकांची सही. महाराजांनी ते उचललं, उलटंसुलटं पाहिलं, आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवलं. स्टूल डुगडुगायचं थांबलं.

शेडच्या सावलीत एक कुत्रं होतं. ते या मठात कुणालाही सोडत नाही, असं गावात सांगत होते. ते प्रणीलच्या बुटावर डोकं ठेवून झोपलं. जसा काही तिथं बूटच आहे, माणूस नाही.

त्यानं पुरावा गोळा करायला घेतला. केबल खांबावरून खांबावर गेली होती. कुठं तोडलेली नव्हती, जोडलेली नव्हती. मध्ये एक भगवी छाटी वाळत घातली होती. त्यानं मोबाइलवर नोंद केली, 'केबलवर कपडे. हेतू तपासावा.'

फोन वाजला. अधीक्षकांचा.

"कुलथे, मी मीटिंगला चाललोय. साडेपाचला बाहेर येईन, तेव्हा टाकणखारांचा जबाब माझ्या टेबलावर पाहिजे. तुमचा अहवाल पक्का आहे ना?"

"पक्का आहे सर."

"पुरावा?"

प्रणीलनं छाटीकडे पाहिलं.

"जमवतोय."

"आणि ते रक्ताचं बघा. आज एकानं ओ निगेटिव्हसाठी सहा दवाखान्यांना फोन लावले. सातव्यात मिळालं. आठव्यात असतं तर काय, हे मला विचारू नका."

फोन बंद झाला.

सव्वाचार. महाराज खडे मोजत होते. प्रणील पुन्हा गवतातून बाहेर गेला, वळसा घालून चौकटीसमोर येऊन उभा राहिला.

द्रुपदाबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं.

"कोण पायजे?"

"महाराज."

"गुरू कोण तुमचा?"

प्रणीलनं रुमालानं कपाळ पुसलं.

"बोला की. उन्हात उभे हाईत."

"खंडागळे सर," प्रणील म्हणाला. खूप हळू.

"कोण?"

"खंडागळे. एसटी स्टँडच्या मागे झेरॉक्सचं दुकान आहे त्यांचं. दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर शिकवायचे. एकच कॉम्प्युटर होता. त्याच्या कीबोर्डला पाचचं बटण नव्हतं."

"मंग पाच कसं लिवायचं?"

"चारात एक मिळवायचा. दर वेळी. मी वर्षभर पाच न लिहिता प्रोग्रॅम लिहिले."

द्रुपदाबाईंनी मान हलवली. त्यांना हे बरोबर वाटलं.

"चांगले होते शिकवायला," प्रणील म्हणाला. "सगळं त्यांनीच शिकवलं. कॉलेजात नवीन काही नव्हतं. पण बायोडेटात बरं दिसेना. झेरॉक्सवाला. म्हणून मी… काढलं नाव."

"खंडागळेला कोणी शिकवलं?"

"भालेराव मास्तरांनी. ते रोज सांगायचे."

द्रुपदाबाईंचं बोट आठव्या ओळीवर गेलं आणि थांबलं.

"मास्तरचाच तो. लई मार खाल्लेला," त्या म्हणाल्या. "ये आत, लेकरा. डोकं सांभाळ, चौकट खाली हाये."

तो वाकून आत आला. कुत्रं उठलं आणि त्याच्यावर जोरात भुंकलं.

"ये," महाराज म्हणाले. "कधी आलास?"

"अर्ध्या तासापूर्वी इथंच उभा होतो मी."

"असशील. वारा फार होता."

प्रणील खाली बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला.

"आडवळण नको, महाराज. मला एकच सांगा. मध्ये कोण बसलंय?"

"कशाच्या मध्ये?"

"माझा सर्व्हर तिकडे, रुग्णालयं इकडे. मध्ये कुणीतरी आहे."

"काय करतो तो?"

"हँडशेक मोडतो."

महाराजांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"हातानं नाही," प्रणील म्हणाला. "दोन कॉम्प्युटर बोलायच्या आधी एकमेकांची खात्री करून घेतात. सर्व्हर आपली ओळख दाखवतो. समोरचा ती तपासतो. पटली तर बोलणं सुरू. त्याला हँडशेक म्हणतात."

"आणि नाही पटली तर?"

"तोंड फिरवतो. एक शब्द बोलत नाही."

"शहाणा आहे."

"शहाणा नाहीये. नऊच्या नऊ तोंड फिरवून बसलेत. सर्व्हरची ओळख खरी आहे. सोमवारी नवीन सर्टिफिकेट आलं, मी स्वतः बसवलं. हे बघा, माझ्या लॅपटॉपवर लगेच उघडतं."

त्यानं उघडून दाखवलं. उघडलं. हिरवे-लाल चौकोन, रक्ताचे गट, पिशव्यांचे आकडे.

"तुझा लॅपटॉप तुला ओळखतो," महाराज म्हणाले.

"ओळखतो काय? मशीन आहे ते. हे ऑफिसात उघडतं, माझ्याकडे उघडतं. फक्त तुमच्या डोंगरापलीकडे उघडत नाही. याचा अर्थ काय?"

"तूच सांग. अहवाल तू लिहिलास."

प्रणील सावध झाला. अहवालाबद्दल तो इथं एक अक्षर बोलला नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं अहवालाचं?"

"तू सारखा छाटीकडे बघून लिहीत होतास. कवी वाटला नाहीस."

खालून मोटरसायकलचा आवाज आला. रंगनाथ दूधवाला. संध्याकाळचं दूध. एक किटली हातात घेऊन तो चौकटीतून सरळ आत आला. द्रुपदाबाईंनी मान फक्त इतकीशी हलवली. त्यानं किटली चुलीपाशी ठेवली आणि दुसरी आणायला परत गेला.

"याला काही विचारलं नाही मावशींनी," प्रणील म्हणाला. आता त्याला सगळ्याचाच संशय यायला लागला होता.

"अकरा वर्षं येतो."

"म्हणून सोडायचं?"

महाराज उठले. चौकटीपाशी गेले. प्रणीलही लॅपटॉप घेऊन मागोमाग आला.

"द्रुपदे, चहा टाक. मी बसतो."

द्रुपदाबाईंनी वही त्यांच्या हातात दिली. महाराज त्यांच्या जागी बसले, मांडी नीट घातली.

रंगनाथ दुसरी किटली घेऊन आला आणि चौकटीत अडला.

"कोण तू?" महाराज म्हणाले.

रंगनाथ हसला. महाराज हसले नाहीत. रंगनाथचं हसू उतरलं.

"मी रंगनाथ, महाराज. आत्ताच तर गेलो इथून."

"कुणी सोडलं?"

"मावशींनी."

"मावशी ओळखतात तुला?"

"मग. अकरा वर्षं."

"मावशी चहा टाकायला गेल्या. कुणाचा तू?"

"महाराज, दूध नासंल."

"दुधाचं नंतर विचारतो. आधी तुझं. धंदा कुणी शिकवला?"

"मामानं. केशव मामानं."

"केशवला?"

रंगनाथनं किटली खाली ठेवली. डोकं खाजवलं.

"मावशींना सांगितलं होतं की मी. पहिल्या दिवशी. तेव्हा पाठ होतं. बाबूराव… नाही, बाबूराव म्हशीचा डॉक्टर. काय बरं… मधलं नाव विसरलो. रोज लागतच नाही ना ते, महाराज. मावशींना माहितीये म्हणून मी सांगतच नाही कधी."

"मला माहिती नाही."

"मावशींना विचारा."

"मी बसलोय."

रंगनाथनं प्रणीलकडे पाहिलं. प्रणीलनं घड्याळाकडे. चार पस्तीस. हे मुद्दाम चाललंय, त्याला वाटलं. वेळ काढतायत. पाचच्या आत पुरावा मिळू नये म्हणून.

"महाराज, सोडा ना त्याला," तो चिडून म्हणाला. "माणूस खरा आहे. मावशींना मधलं नाव आधीच ठाऊक आहे, म्हणून त्याचं चालून जातं. आज तुम्ही नवे बसलात. तुम्हाला त्यानं आधी कधी सांगितलंच नाही, तर तुम्ही कसे…"

तो थांबला.

शेडखाली चहाला उकळी फुटली.

"कसे काय?" महाराज म्हणाले.

प्रणीलनं लॅपटॉप ओढून घेतला.

सोमवारी सर्टिफिकेटच्या तीन फायली आल्या होत्या. एक त्याच्या सर्व्हरची. एक सर्टिफिकेट देणाऱ्या मोठ्या संस्थेची, जिचं नाव जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या यादीत आधीपासूनच असतं. आणि एक त्या दोघांच्या मधली. संस्थेनं या मधल्यावर सही केली होती. मधल्यानं प्रणीलच्या सर्व्हरवर.

त्याला ती मधली फाईल फालतू वाटली होती. वरचं नाव मोठं आहे ना. त्यानं आपली तेवढी बसवली आणि मधली एका फोल्डरमध्ये टाकली. फोल्डरचं नाव होतं 'फालतू'.

त्याचा लॅपटॉप दिवसभर जगभर हिंडायचा. ऑफिसातले कॉम्प्युटरही हिंडायचे. तो मधला त्यांना कुठं ना कुठं आधी भेटलेला होता. त्यांच्याकडे सर्व्हर अर्धी ओळख घेऊन आला तरी उरलेली अर्धी त्यांची ते भरून घ्यायचे.

रुग्णालयातले नऊ कॉम्प्युटर कुठं हिंडत नव्हते. ते रक्ताची एक यादी सोडून आयुष्यात दुसरं काही उघडत नव्हते.

"मध्ये कुणी बसलेलं नाहीये," प्रणील म्हणाला.

महाराजांनी वहीचं पान उलटलं.

"मध्ये जो होता तो मी काढलाय."

"चहा घेतोस?" महाराज म्हणाले.

चहा कोरा आला. दूध चौकटीबाहेर होतं.

प्रणीलनं 'फालतू' उघडलं. मधली फाईल उचलली, सर्व्हरवर आपल्या फाईलच्या खाली जोडली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. सगळ्याला चार मिनिटं लागली. चार दिवस आणि चार मिनिटं.

अधीक्षकांना मेसेज टाकला, 'अहवाल मागे घेतो. चूक माझी.' ते मीटिंगमध्ये होते. मेसेजवर एकच टिक आली, म्हणजे पोचला नव्हता.

तेवढ्यात त्याचं लक्ष वहीकडे गेलं.

"महाराज, ही अकरा नावं कुणी लिहिली?"

"माहिती नाही. वही बाजारातून आणली तेव्हाच लिहिलेली होती."

"आमच्यात सगळ्यांच्या वर एक मोठी संस्था असते. या अकरा जणांची खात्री कुणी दिली?"

"त्यांची त्यांनीच."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"कुणावर तरी ठेवल्याशिवाय इथं बसता येत नाही. तुझी ती मोठी संस्था, तिची खात्री कोण देतं?"

प्रणीलनं लॅपटॉपकडे पाहिलं.

"चहा पी. निवेल."

चार पन्नास. प्रणीलनं रुग्णालयात फोन लावला. स्पीकर चालू केला.

"हॅलो," उज्ज्वलाचा आवाज आला.

"उज्ज्वलाताई, एकदा उघडून बघा."

पलीकडे थोडा वेळ बटणांचा आवाज.

"उघडलं," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. सावधपणा होता. "ओ निगेटिव्ह दोन पिशव्या आहेत. आपल्याकडं नाहीत. शेजारच्या तालुक्याला आहेत."

"छान. आता ऐका. जबाबावर सही करू नका. चूक माझी होती."

"कोण बोलतंय?"

"मी. कुलथे."

"कुलथे सर ताई म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतो मी?"

"ऑपरेटर."

चुलीपाशी द्रुपदाबाई खोकल्या. रंगनाथ चौकटीबाहेर किटलीवर बसून ऐकत होता.

"ताई, मीच आहे. खरंच."

"सरांचा फोन कुणी घेतलाय का? सर 'चूक माझी' असं म्हणत नाहीत. सोमवारपासून ते मला चार भाषांत सांगतायत की चूक माझी आहे. माझी म्हणजे, माझी."

"ताई, दहा मिनिटं राहिलीत. पेन हातात आहे का तुमच्या?"

"आहे. समोर क्लार्क उभे आहेत."

"ठेवा ते."

"का म्हणून? सकाळी तुम्ही सांगितलंत, सही केली तर बदली, नाही केली तर घरी. आता म्हणता करू नका. पाच वाजले, सही नसली, की मी घरी. तुम्हाला तेच पाहिजे असेल. यातलं खरं कुठलं?"

"आत्ताचं."

"सकाळचंपण आत्ताचंच होतं, सर. सकाळी."

"मी ओळख पटवतो," प्रणील म्हणाला. "विचारा काहीही. माझ्याबद्दल विचारा."

"तुमच्याबद्दल मला काय माहितीये? या सोमवारच्या आधी तीन वर्षांत तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात. 'बंद करून चालू करा.' ते कुणीही बोलतं."

"मी तुमच्या डोंगरावरून बोलतोय. मठातून."

"खोटं."

"शपथ."

"द्रुपदामावशींनी तुम्हाला सोडलं?"

"सोडलं."

"त्या कलेक्टरलापण सोडत नाहीत, सर. कलेक्टर गवतातून जाऊन तासभर एकटेच बोलून आले. तुम्हाला कशा सोडतील?"

"मी मधलं नाव सांगितलं."

"कुणाचं?"

"खंडागळे सरांचं."

"मी नाही ओळखत. माझ्यासमोर एक कागद आहे, त्यावर तुमची सही आहे, आणि ती सही म्हणते की मी चोर आहे. आता त्याच सहीचा माणूस फोनवर म्हणतो, विश्वास ठेव. मला भरल्या घराचं बघायचंय, सर. मी सही करते. बदली तर बदली."

कागद सरकल्याचा आवाज आला.

प्रणीलकडे लॅपटॉप होता, सर्व्हर होता, तीनही फायली होत्या. खरी गोष्ट होती. ती पोचत नव्हती.

त्यानं महाराजांकडे पाहिलं.

महाराजांनी कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. प्रणीलनं तो हात हातात घेतला आणि मिळवला.

महाराजांनी हात मिळवू दिला. मग त्याची बोटं सोडवली, आणि त्याच्या दुसऱ्या हातातला फोन घेतला.

"उज्ज्वला."

पलीकडचा कागद थांबला.

"महाराज? तुम्ही… तुम्ही यात कुठून? तुम्ही त्यांचे कोण?"

लॅपटॉपवर अहवाल अजून उघडाच होता. महाराजांनी चष्मा वर केला. बोट ठेवून ती ओळ वाचली. मध्ये बसलेली व्यक्ती. मग प्रणीलकडे पाहिलं, बराच वेळ, पहिल्यांदाच.

प्रणीलनं मान खाली घातली.

"यानं लिहिलंय ते खरं आहे," महाराज फोनमध्ये म्हणाले. "मधला मीच. पेन खाली ठेव."